वेबसाइटचे चार पैसे आणि प्राप्तिकर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संत्र्याच्या पैशाला इन्कम टॅक्स नाही, ही गोष्ट वरूड तालुक्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आंबिया बहार असो की मृग बहार, बगीच्याचा सौदा झाला, व्यापाऱ्याकडून पैसा आला, की तो शेतीचा पैसा. त्यातून खत, फवारणी, मजुरी आणि बोअरचे कर्ज भागवायचे. उरले तर घरात. फळगळ झाली, किंवा बांगलादेशाने आयात शुल्क वाढवले आणि भाव पडले, तर तेवढेही उरत नाही. म्हणून अलीकडे अनेक घरांतली शिकलेली मुले-मुली बगीच्याच्या जोडीला दुसरे काही करू पाहतात. कुणी संत्र्यावरील रोगांची माहिती देणारी वेबसाइट काढतो, कुणी कलम कसे बांधावे याचे व्हिडिओ टाकते, कुणी स्पर्धा परीक्षांच्या नोट्स लिहितो. त्यावर जाहिराती दिसू लागतात आणि एक दिवस बँकेच्या खात्यात चार-सहा हजार रुपये येऊन पडतात.

आनंदाचीच गोष्ट आहे ती. पण लगेच प्रश्न येतो, याचा टॅक्स भरायचा का? घरात दोन उत्तरे हमखास मिळतात. वडील म्हणतात, ‘आपण शेतकरी, आपल्याला टॅक्स नाही.’ मित्र म्हणतात, ‘एवढ्याशा पैशाला कोण विचारतो?’ या दोन्ही उत्तरांत थोडे खरे आहे आणि थोडे धोक्याचे आहे. ते वेगळे कसे करायचे, एवढेच आज आपण पाहू.

शेतकऱ्याला नव्हे, शेतीला सूट

आधी वडिलांचे उत्तर घेऊ. आपल्या देशात प्राप्तिकर म्हणजे इन्कम टॅक्स प्रथम आला १८६० मध्ये. पुढे १८८६ च्या कायद्याने शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले, आणि राज्यघटनेनेही तीच वाट ठेवली. केंद्र सरकारला शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर लावता येतो. शेतीच्या उत्पन्नावरील कराचा विषय राज्यांकडे आहे. म्हणजे सूट आहे ती शेतीच्या उत्पन्नाला. ती शेतकरी या माणसाला नाही. सात-बारावर नाव आहे म्हणून त्याच माणसाचे दुकानाचे भाडे, बँकेचे व्याज किंवा वेबसाइटची कमाई करमुक्त होत नाही.

मग शेतीचे उत्पन्न कशाला म्हणायचे? यावर सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये राजा बिनय कुमार सहस रॉय यांच्या खटल्यात कसोटी घालून दिली. प्रकरण बंगालमधील सालवृक्षांच्या जंगलाचे होते. न्यायालय म्हणाले, जमिनीवर मशागत, पेरणी, लागवड अशी मूळ कामे माणसाच्या श्रमाने झाली पाहिजेत. मगच पुढची निंदणी, राखण, कापणी ही कामे त्यांच्याशी जोडून शेती ठरतात. केवळ जमिनीशी दूरचा संबंध आहे म्हणून उत्पन्न शेतीचे होत नाही.

ही कसोटी आपल्या भागाला लावून पाहा. बगीचावाल्याने स्वतःची संत्री विकली, तर ते शेतीचे उत्पन्न. व्यापाऱ्याने झाडावरचा माल विकत घेऊन दिल्लीला पाठवला, तर त्याचा नफा व्यापाराचा. शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. रोपवाटिकेतल्या रोपांचे उत्पन्न शेतीचे की धंद्याचे, यावर पूर्वी वाद होत असत. २००८ च्या वित्त कायद्याने तो मिटवला आणि रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न शेतीचेच मानायचे असे ठरले. त्यामुळे एखाद्या रोपवाटिकावाल्याने आपली वेबसाइट काढून तिच्यावरून स्वतः वाढवलेल्या कलमा विकल्या, तर विक्रीची रीत बदलली तरी उत्पन्न शेतीचेच राहते. मात्र त्याच वेबसाइटवर शेजाऱ्याच्या कलमा विकून कमिशन घेतले, तर ते कमिशन शेतीचे नाही. आणि पानाच्या कडेला दिसणाऱ्या जाहिरातीचा पैसा तर नाहीच नाही. वेबसाइट संत्र्यावर असली तरी जाहिरात काही झाडाला लागत नाही.

दाखवणे वेगळे, भरणे वेगळे

आता मित्रांचे उत्तर. ‘एवढ्याशा पैशाला कोण विचारतो?’ इथे दोन गोष्टींची गल्लत होते. उत्पन्न विवरणपत्रात, म्हणजे रिटर्नमध्ये दाखवणे ही एक गोष्ट. त्यावर कर लागणे ही दुसरी. छोट्या जोडउत्पन्नाबाबत बहुतेकांना पहिली करावी लागते, दुसरी पुष्कळदा करावी लागतच नाही.

२०२५-२६ या आर्थिक वर्षातील उत्पन्नाला नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही. त्यापुढे आठ लाखांपर्यंत ५ टक्के, बारा लाखांपर्यंत १० टक्के, सोळा लाखांपर्यंत १५ टक्के असे टप्पे आहेत. शिवाय करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल, तर या दरांनी येणाऱ्या करात साठ हजारांपर्यंत सवलत मिळते. त्यामुळे साधारण उत्पन्नाच्या माणसाचा कर शून्यावर येतो. पण ही सवलत रिटर्न भरण्यापासून सुटका देत नाही. उत्पन्न चार लाखांच्या वर गेले की कर शून्य असला तरी रिटर्न भरायचे.

समजा एखाद्या विद्यार्थिनीला वेबसाइटचे वर्षाला चाळीस हजार मिळतात आणि दुसरे काही उत्पन्न नाही. तिला कर नाही, आणि सहसा रिटर्नचे बंधनही नाही. ‘सहसा’ म्हणण्याचे कारण असे, की काही बाबतीत उत्पन्न कमी असले तरी रिटर्न सक्तीचे होते. उदाहरणार्थ, वर्षाचे वीजबिल एक लाखाच्या वर गेले, परदेश प्रवासावर दोन लाखांहून अधिक खर्च झाला, किंवा २५ हजार वा त्याहून अधिक कर आधीच कापला गेला, तर. बंधन नसतानाही रिटर्न भरले तर तोटा नाही. उद्या शैक्षणिक कर्जाला, घरकर्जाला किंवा व्हिसाला उत्पन्नाचा पुरावा मागतात, तेव्हा तोच कागद कामी येतो.

बगीचा हिशेबात येतो तो असा

इथे एक बारकावा आहे आणि आपल्या भागात तो फार महत्त्वाचा आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पण इतर उत्पन्नावरचा कर मोजताना ते धरले जाते. प्रा. के. एन. राज यांच्या समितीने १९७२ मध्ये ही सूचना केली आणि १९७३ च्या वित्त कायद्याने ती अमलात आली. दोन अटी आहेत. खर्च वजा जाता शेतीचे उत्पन्न पाच हजारांहून अधिक हवे, आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे नव्या पद्धतीत चार लाखांच्या वर हवे. दोन्ही पूर्ण झाल्या की आधी दोन्ही उत्पन्नांच्या बेरजेवर कर काढायचा; मग शेतीचे उत्पन्न अधिक चार लाख एवढ्यावर कर काढायचा; आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा.

आकड्यांनी पाहू. खासगी कंपनीत नोकरी करणारा एक तरुण घ्या. पगार नऊ लाख. त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले ८ लाख २५ हजार. त्याच्या स्वतःच्या नावावरच्या बगीच्याचे खर्च जाता सहा लाख. वेबसाइट नसती तर बेरीज १४ लाख २५ हजार, तिच्यावर कर ९३,७५०. सहा आणि चार मिळून दहा लाखांवरचा कर ४०,०००. फरक ५३,७५०. सवलत साठ हजारांपर्यंत आहे, म्हणून कर शून्य.

आता त्याच्या वेबसाइटचे खर्च जाता साठ हजार धरा. बेरीज १४ लाख ८५ हजार, तिच्यावर कर १,०२,७५०. त्यातून ४०,००० वजा केले, राहिले ६२,७५०. साठ हजारांची सवलत गेली, उरले २,७५०. त्यावर ४ टक्के उपकर ११० रुपये. एकूण २,८६० रुपये भरायचे. म्हणजे साठ हजार मिळाले आणि २,८६० द्यावे लागले. रक्कम मोठी नाही. पण ‘पगार बारा लाखांच्या आत आहे, शेतीला टॅक्स नाही आणि वेबसाइटचे चिल्लर आहे’ असे तीन वेगळे हिशेब करून जो स्वस्थ बसेल, त्याचा हिशेब चुकेल. कायदा तिन्ही एकत्र पाहतो.

याच्या उलट, बगीचा वडिलांच्या नावावर असेल आणि मुलाला फक्त वेबसाइटचे साठ हजार मिळत असतील, तर वडिलांच्या संत्र्याचा मुलाच्या कराशी काही संबंध नाही.

कमाईतून खर्च वजा होतो

कर लागतो तो नफ्यावर, आलेल्या सगळ्या पैशावर नाही. वेबसाइटच्या नावाचे वार्षिक शुल्क, ती जिथे ठेवली आहे त्या सर्व्हरचे भाडे, इंटरनेटचे बिल, लेख लिहून देणाऱ्याला दिलेले पैसे हे खर्च वजा होतात. संगणक किंवा कॅमेरा घेतला तर पूर्ण किंमत एकदम वजा होत नाही, दरवर्षी घसारा मिळतो. संगणकाचा दर ४० टक्के आहे. इंटरनेट घरालाही वापरत असाल तर कामापुरताच भाग धरायचा. आणि बिल जपून ठेवायचे, कारण बिलावाचून खर्च सिद्ध करणे कठीण.

हे उत्पन्न कोणत्या सदरात दाखवायचे? एखाद्या वेळी कुणी लेखाचे दोन हजार दिले, तर ते ‘इतर मार्गांचे उत्पन्न’. पण वेबसाइट नियमित चालते, दर महिन्याला पैसा येतो, तर तो व्यवसाय समजावा. छोट्या व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. तिच्यात धंद्याच्या जमेवर ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरला तर हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. अनेकजण हाच सोपा मार्ग सुचवतात. मात्र कमिशनच्या उत्पन्नाला ही योजना लागू नाही. दुसऱ्याच्या मालाची लिंक देऊन विक्रीमागे मिळणारा पैसा कमिशनच असतो. ठरावीक व्यवसायांना तर जमेच्या निम्मा नफा धरावा लागतो. आपले काम कशात बसते हे सनदी लेखापालाला एकदा विचारून घेतलेले बरे. जमा-खर्च थोडाच असेल तर प्रत्यक्ष हिशेब ठेवणेही काही अवघड नाही.

डॉलर, कापलेला कर आणि फुकटचा पंप

गुगलची अॅडसेन्स ही जाहिरात योजना २००३ मध्ये सुरू झाली. तिच्यात खात्यावर शंभर डॉलर जमल्यावर पैसे पाठवले जातात. हा पैसा परदेशातून येतो, त्यावर इथे कर कापलेला नसतो. ‘कापला नाही म्हणजे लागत नाही’ असा अर्थ काढू नये. भारतात राहणाऱ्या माणसाला जगात कुठूनही आलेले उत्पन्न इथे दाखवावे लागते. बँक पैसे कशाबद्दल आले हे विचारते. तिथे खरे कारण लिहावे आणि बँकेचा दाखला जपून ठेवावा.

यूट्यूबचे थोडे निराळे आहे. अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे होणाऱ्या कमाईवर जून २०२१ पासून तिथला कर कापला जातो. अमेरिकेत गेलेली मराठी कुटुंबे गावाकडचे व्हिडिओ आवडीने पाहतात, त्यामुळे वरूडच्या चॅनेललाही हे लागू होऊ शकते. आपली कर-माहिती भरून दिली तर भारत-अमेरिका करारामुळे त्या भागावर १५ टक्के कपात होते. भरली नाही तर सगळ्याच कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत होऊ शकते. अशा वेळी कापण्यापूर्वीची पूर्ण रक्कम उत्पन्नात दाखवायची आणि तिथे भरलेल्या कराची वजावट मागायची. त्यासाठी स्वतंत्र फॉर्म भरावा लागतो.

भारतातल्या खत-औषधाच्या कंपनीने जाहिरातीचे पैसे दिले तर ती बहुधा कर कापूनच देईल. आपला पॅन क्रमांक बरोबर दिला असेल तर ही कपात खात्याच्या नोंदीत दिसते, आणि कर शून्य येत असेल तर रिटर्न भरून ती रक्कम परत मिळते. रिटर्न भरलेच नाही तर आपलाच पैसा सरकारकडे पडून राहतो. पैशाऐवजी वस्तू मिळाली तरी ती उत्पन्नच असते. कंपनीने व्हिडिओसाठी फवारणी पंप दिला आणि तो तुम्ही ठेवून घेतला, तर त्याची किंमत उत्पन्नात धरली जाते. वर्षात अशा वस्तू वीस हजारांच्या वर गेल्या तर १ जुलै २०२२ पासून त्यावरही १० टक्के करकपातीचा नियम आहे. जीएसटीची धास्ती मात्र छोट्यांनी घेऊ नये. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही.

कमाई कुणाची, खाते कुणाचे

काम मुलगी करते आणि पैसे वडिलांच्या खात्यात येतात, असे पुष्कळ घरांत होते. खात्याच्या दृष्टीने पॅन ज्याचा, नोंद त्याच्या नावे. मग वडिलांना उगाच खुलासे द्यावे लागतात. म्हणून जी काम करते तिच्याच नावाने पॅन, बँक खाते आणि जाहिरातीचे खाते असावे. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याचे उत्पन्न एरवी पालकाच्या उत्पन्नात मिळवतात. पण ते त्याच्या स्वतःच्या कौशल्याचे असेल तर मिळवत नाहीत, ते त्याचेच राहते.

सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार किंवा धंदा करता येत नाही. जिल्हा परिषद, शाळा, बँका यांचेही आपापले नियम असतात. कर भरला म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. परवानगी आधी घ्यावी.

फॉर्म, मुदत आणि राहून गेलेली वर्षे

शेतीचे उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे सोपे फॉर्म चालत नाहीत. बगीचा आणि वेबसाइटचा व्यवसाय दोन्ही असणाऱ्याला आयटीआर-३ भरावा लागतो. फॉर्म लांबलचक आहे, पण घरबसल्या ऑनलाइन भरता येतो. व्यावसायिक उत्पन्न असणाऱ्याला जुन्या करपद्धतीत जायचे असेल तर मुदतीत वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि पुन्हा नव्या पद्धतीत परतण्याची संधी एकदाच मिळते. तेव्हा निर्णय घाईने घेऊ नये. वर्षाचा देय कर दहा हजार किंवा अधिक होणार असेल तर तो जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांपर्यंत हप्त्यांनी आगाऊ भरायचा. नाहीतर व्याज लागते. रिटर्नची मुदत फॉर्मप्रमाणे वेगळी असते आणि कधी वाढतेही, म्हणून ती त्या त्या वर्षी खात्याच्या संकेतस्थळावर पाहावी. मुदत चुकली तर एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असणाऱ्याला एक हजार आणि त्यापुढे पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क आहे.

मागच्या वर्षांचे दाखवायचे राहून गेले असेल तर? २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे आणि २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली. जितका उशीर तितका जादा भार; राहिलेल्या कर आणि व्याजावर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत. नोटीस येण्याची वाट पाहण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त पडते. सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे वेबसाइटचा पैसा संत्र्यात मिसळून दाखवणे. खात्याने विचारले की सात-बारा, पिकाची नोंद, विक्रीच्या पावत्या द्याव्या लागतात. मग एवढ्या झाडांना एवढा माल आला कसा, हे सांगताना संत्र्याचे खरे उत्पन्नही संशयात येते, आणि ज्या सुटीवर घर उभे आहे तिच्यावरच प्रश्नचिन्ह लागते.

आणखी एक सूचना. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा घेतो. त्यात कलमांचे क्रमांक आणि फॉर्मची नावे बदलतात, ‘कर वर्ष’ हा नवा शब्द येतो. म्हणून इथे कलमे सांगितली नाहीत. शेतीचे उत्पन्न करमुक्त आणि बाकीचे दाखवायचे, हे मूळ सूत्र मात्र तेच आहे.

तेव्हा ज्यांची वेबसाइट सुरू झाली आहे त्यांनी एवढे करावे. तिच्यासाठी बँकेत स्वतंत्र बचत खाते ठेवावे. एका वहीत तारीख, कुठून आले, किती आले, कशावर खर्च झाले, अशा चार रकान्यांत नोंद करावी. बगीच्याच्या सौद्याची आणि खर्चाची वही वेगळी ठेवावी. मार्च संपला की दोन्ही वह्यांची बेरीज मारावी आणि खात्याच्या संकेतस्थळावरील आपल्या नावाच्या वार्षिक माहितीपत्रकाशी ताडून पाहावी. जुळले तर रिटर्न भरायला एक दुपार पुरते. जुळले नाही तर रिटर्न भरण्यापूर्वीच चूक शोधून दुरुस्त करता येते.